एकतीस मशिनं आणि एक कढई

यांगगू गावच्या बसथांब्यासमोर, औषधांच्या दुकानाच्या वर, प्यो सुन-रेचं पीसीबांग आहे. तासाचे पैसे भरायचे आणि कॉम्प्युटरवर गेम खेळायचे, असं दुकान. खुर्च्यांवर एकपासून बत्तीसपर्यंत आकडे आहेत, पण मशिनं एकतीसच. चार हा आकडा वाईट, म्हणून तीननंतर एकदम पाच. तो आकडा सुन-रेनं गाळायला लावला. बाकीचं सगळं तिच्या नवऱ्यानं, दोक-माननं ठरवलं होतं. मशिनं कुठली घ्यायची, तारा कुठून न्यायच्या, पडदे कुठल्या रंगाचे. तिनं एकच गोष्ट मागून घेतली होती. स्वयंपाकाचा ओटा मागे अंधारात नको, हॉलमध्येच हवा; म्हणजे रांधता रांधता पोरांची तोंडं दिसतील. दोक-माननं तो ओटा स्वतःच्या हातानं बांधला. नऊ नंबरच्या खुर्चीपासून जेमतेम दोन हातांवर.

पोरं म्हणजे शिपाई. यांगगूच्या चहूकडे डोंगर आणि डोंगरात छावण्या. शनिवारी सकाळी सुट्टीचा कागद घेऊन पोरं बसमधून उतरतात, समोरच्या जिन्यानं वर येतात, टोपी काढून खिशात कोंबतात आणि ओरडतात, "मावशी, आलो!" सुन-रेला त्यांची नावं क्वचितच ठाऊक असत. तिच्या लेखी माणूस म्हणजे खुर्ची आणि ताट. बारा नंबर, रामयॉन नूडल्समध्ये अंडं न फोडता. सतरा नंबर, आंबवलेल्या तिखट कोबीचा किमचीभात, वर चीज नको. एकवीस नंबर तिखट खातो आणि मग रडतो. दीड-दोन वर्षांची सक्तीची नोकरी संपवून पोरं आपापल्या गावी जात, त्याच खुर्चीवर दुसरं कुणी येई, आणि ती पुन्हा पहिल्यापासून पाठ करी.

तिनं स्वतः जन्मात एक गेम खेळला नव्हता. पण मशिनं तिला कानानं कळत. तीन नंबर घोरतो, अठ्ठावीस नंबर सुरू होताना शिंकतो, असं ती दोक-मानला सांगायची आणि तो हसायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी दुकानापुढचा बर्फ ओढता ओढता दोक-मान खाली बसला तो उठला नाही. तीस वर्षांच्या संसारात त्याच्याबद्दल तिची एकच तक्रार होती, आणि ती तो गेल्यावरही गेली नाही. सोमवारी दुकान दुपारी उघडायचं. तेवढ्या सकाळीच ती मोकळी असे. गावच्या गरम पाण्याच्या न्हाणीघरात जावं, नंतर दोघांनी मिळून नूडल्स खाव्यात, इतकंच तिचं मागणं. आणि दर सोमवारी तो म्हणायचा, "तू हो पुढे. मला जरा मशिनं बघायचीत." ती केस वाळवत एकटीच परत यायची, तर हा टेबलाखाली वाकलेला. मशिनं बघतोय म्हणे! आपण नसताना गेम खेळत बसतो, असं तिचं पक्कं मत होतं.

मार्च महिन्यात रस्त्यापलीकडे नवं पीसीबांग उघडलं. शंभरावर खुर्च्या, खुर्च्यांना मानेची उशी, जिन्याला निळे दिवे. पहिल्या शनिवारी सुन-रेच्या एकतीसपैकी वीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पण पोरं तिला पूर्णपणे सोडूनही गेली नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. ती वर यायची, उभ्या उभ्या रामयॉन ओरपायची, तोंड पुसायची आणि खेळायला पलीकडे जायची.

मो गिल-सू हा नऊ नंबरवाला. बुसानचा, गोलमटोल, जिभेला हाड नाही. ओट्याजवळची जागा म्हणून त्यानं नऊ नंबर धरला होता. एका शनिवारी तो खेळता खेळता किंचाळला. पाच जणांच्या टोळीची लढाई, हा एकटा उरलेला, शत्रू समोर, आणि चित्र जे अडकलं ते अडकलंच. सुटलं तेव्हा हा मरून पडला होता.

"मावशी!" त्यानं कानावरचे हेडफोन काढले. "हे मशीन आहे की पॉवर टिलर? टक टक टक टक. भातखाचरात उतरवू का?"

"हरलास ते मशिनामुळे होय रे?" सुन-रे कढई हलवत म्हणाली. "मागच्या शनिवारी पण मशीनच हरलं होतं?"

"मागच्या शनिवारी मी हरलो. आज मशीन हरलं. माणसाला फरक कळतो, मावशी."

सगळे हसले. तीही हसली. पण पुढच्या शनिवारी गिल-सू मांडूची, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांची, ताटली संपवून उठला, आणि डोळे चुकवून म्हणाला, "जरा पलीकडे जाऊन येतो." खिडकीतून तिनं त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं.

घरमालकाशी करार ऑक्टोबरअखेर संपत होता. पुढे चालवायचं की किल्ली द्यायची, हे तिला त्याआधी सांगायचं होतं. वोन्जूला राहणारी लेक म्हणत होती, "आई, आता पुरे. ये इकडे. खोली रिकामीच आहे." रिकाम्या खोलीत बसून आपण काय करणार, हे सुन-रेला कळत नव्हतं. तिला कळत होतं एवढंच, की कुणी तरी "मावशी, आलो" म्हटल्याशिवाय तिचा शनिवार उजाडत नाही.

तेव्हा जे आपल्या हातात आहे ते तिनं वाढवलं. आधी फक्त रामयॉन आणि भात होता, मांडूही उकडलेले. आता तिनं मोठी कढई आणली. तळलेले मांडू, डुकराच्या मांसाचे कटलेट, कुरकुरीत कोंबडी. खालच्या औषधवाल्यापर्यंत वास जाई. पोरं खूश. मशिनं मात्र आणखी रखडू लागली.

मग तिनं दुसरा निर्णय घेतला. योमला बोलावलं.

योम ह्योन-सिक हा सैन्याच्या संदेश तुकडीतून निवृत्त झालेला सुभेदार, दोक-मानचा बुद्धिबळातला जोडीदार. मशिनांतलं त्याला स्क्रू फिरवण्यापुरतं कळे, पण कळत नाही असं त्यानं कधी कबूल केलं नव्हतं. मागच्या साथीत आजारी पडला तेव्हापासून त्याला वास येत नसे. किमची आंबली की नासली हे तो बायकोला विचारून खाई.

"कार्ड बदलायचं, वहिनी," त्यानं निकाल दिला. "चित्र रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. तुमची कार्डं पाच वर्षांची. पलीकडे कालची आहेत. तलवारीनं तोफेशी लढताय तुम्ही."

"किती बदलायची?"

"सगळी."

"आठ," सुन-रे म्हणाली.

सोलच्या योंगसान बाजारातून आठ कार्डं आली. सुन-रेनं ती नऊ ते सोळा या रांगेत बसवायला सांगितली. ओट्याजवळची रांग, नेहमीच्या पोरांना गरम ताट हातात मिळावं म्हणून. योम जुनी कार्डं उपसताना म्हणाला, "वहिनी, ही फार चिकट झालीयत."

"जुनं झालं की सगळंच चिकट होतं," ती कांदा चिरत म्हणाली. "तुमचं बोलणं नाही का झालं?"

योमनं आतला भाग फडक्यानं वरवर पुसला, नवी कार्डं खोचली, जुनी खोक्यात घालून माळ्यावर टाकली.

महिनाभर दिवाळी होती म्हणा ना. गिल-सू पलीकडून परत आला. नवं कार्ड बसलेल्या मशिनावर धूर म्हणजे धूर दिसे, पाण्यात आकाश दिसे. "मावशी, शत्रूच्या मिशा मोजता येतात!" तो ओरडला. आठ खुर्च्यांसाठी पोरं थांबून राहू लागली, आणि थांबलेली पोरं खात बसली. कढई उतरेना.

दीड महिन्यानं, ऑगस्टच्या एका शनिवारी, नऊ नंबरच्या मशिनानं पुन्हा टक टक सुरू केलं. मग दहानं. पुढच्या आठवड्यात बारानं. गिल-सूनं फक्त दोन्ही हातांनी टिलरचा दांडा धरल्याचा अभिनय केला, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

"फसवलं आपल्याला," सुन-रे योमला म्हणाली. "वापरलेली कार्डं पुसून नवी म्हणून दिली. उद्याच जाऊ."

ती एकदा निघाली की तिला थांबवणं कठीण. तिनं दोन कार्डं काढून घेतली, जेवणाच्या डब्यासारखी चौकोनी फडक्यात बांधली, आणि पहिल्या बसनं दोघं सोलला गेली. वाटभर तिनं मनात भांडण घोटून ठेवलं. कुठल्या वाक्यानं सुरुवात, कुठल्या वाक्यावर आवाज चढवायचा.

दुकानदार चाळिशीचा, आडनाव छे. कानामागे पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर. त्यानं तिचं पहिलं वाक्य संपेपर्यंत ऐकलं, गाठोडं सोडलं, कार्ड उलटसुलट केलं, नाकाशी नेलं. आणि तिच्याकडे बघत विचारलं, "काकू, मांडू चांगले होतात का तुमचे?"

"म्हणजे?" घोटलेलं पुढचं वाक्य ती विसरली.

"घ्या. वास घ्या."

तिनं वास घेतला. तापलेलं तेल, लसूण, डुकराची चरबी, शेवटी किंचित तीळ. पदार्थ ओळखायला तिला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही.

योमनंही नाक पुढे केलं. "मला काही येत नाही."

"तुम्हाला कशाचाच येत नाही!" ती त्याच्यावर भडकली, कारण दुसऱ्या कुणावर भडकायला जागा उरली नव्हती.

छेनं पंख्याचं झाकण उघडलं. पात्यांवर पिवळट राप, त्यावर धूळ, आणि मागच्या धातूच्या पापुद्र्यांमध्ये वाकळीसारखा जाड थर. "काकू, हे कार्ड राबलं की तापतं. पंखा त्याला वारा घालतो. वारा जायची वाटच बुजली तर? जळून जाऊ नये म्हणून ते आपणहून पाय आखडतं, हळू चालतं. कार्डात काही वाईट नाही. उलट शहाणं आहे. शेगडी किती लांब आहे?"

"दोन हात," योम म्हणाला.

छेनं कपाळाला हात लावला नाही, पण हात वर उचलून पुन्हा खाली ठेवला. त्यानं ब्रश घेतला, स्पिरिट घेतलं, तिच्यासमोर ते कार्ड धुतल्यासारखं स्वच्छ केलं, तळाशी उष्णता वाहून नेणारा नवा लेप लावला आणि आपल्या मशिनात बसवून गेम लावला. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. "जुनी कार्डं फेकली नाहीत ना? तीही अशीच असणार. नवी जास्त चांगली, वाद नाही; पण जुनी काही पॉवर टिलर नव्हेत."

तिनं चमकून पाहिलं. हा शब्द इथपर्यंत पोचलाय का? पण ते सगळेच म्हणतात, असं योमनं नंतर सांगितलं.

पैसे त्यानं घेतले नाहीत. "पुढच्या खेपेला मांडू आणा," तो म्हणाला. "पण डब्यात आणा, कार्डावर नको."

परतीची बस छुनछन शहराच्या पुढे निघाली. मग योम म्हणाला, "तळण बंद करा, वहिनी."

"आणि मग पोरं वर कशाला येतील, सुभेदार? पलीकडे नसलेलं माझ्याकडे तेवढंच आहे."



सोमवारी तिनं दाराला पाटी लावली, 'तीन दिवस बंद', आणि एक नंबरपासून सुरुवात केली. कार्डाचं काम योमकडे; मशिनाच्या पेटीचा पत्रा आणि आतली तेलकट धूळ तिच्याकडे. एक नंबरच्या पेटीचा बाजूचा पत्रा काढून तिनं आतल्या अंगाला स्पिरिटचा बोळा फिरवला. पिवळा राप निघाला, त्याच्याबरोबर काळं काही तरी ओघळलं. मळ असेल म्हणून तिनं ते घासून लख्ख केलं.

दोन नंबरच्या पत्र्यावर बोळा फिरवताना तिचा हात थांबला. रापाखालून आकडे वर येत होते. काळ्या मार्करनं, एकाखाली एक लिहिलेले. महिना, दिवस. महिना, दिवस. सातच्या आकड्याचा वरचा फराटा थोडा लांब. तो फराटा तिनं तीस वर्षं किराणाच्या यादीवर पाहिला होता.

"सुभेदार, हे काय आहे?"

योमनं चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "तारखा दिसतायत. दोक-मानचं अक्षर."

"ते मला कळतंय. कसल्या?"

तिनं तीन नंबर उघडला. आता स्पिरिट न वापरता कोरड्या फडक्यानं हळूच पुसलं. तिथंही तारखा. पाचमध्येही. भिंतीवर औषधवाल्याचं जुनं, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर अजून लटकत होतं. दोक-माननं टांगलेलं, म्हणून तिनं उतरवलं नव्हतं. तिनं शेवटच्या दोन-चार तारखा त्यावर लावून पाहिल्या. सोमवार. सोमवार. सोमवार. दर सोमवारी चार-चार पेट्या, पाळीपाळीनं. शेवटची तारीख तो बर्फात बसला त्याच्या तीन दिवस आधीची.

कढई नव्हती तेव्हाही रामयॉनची वाफ होती, किमचीभाताचं तेल होतं. ते दर आठवड्याला कुणी तरी पुसत होतं. ओटा हॉलमध्ये हवा हा तिचा हट्ट, आणि त्या हट्टाची काजळी तो न्हाणीघराच्या वेळात, टेबलाखाली वाकून, वर्षानुवर्षं निपटत होता. एकदा तरी म्हणायचं ना, बाई, तुझा ओटा हलव. कधीच म्हणाला नाही.

"मला वाटायचं, खेळत बसतो," ती म्हणाली.

"खेळायचाही," योम म्हणाला. तो खरं बोलणारा माणूस. "पण पुसून झाल्यावर. अर्धा तास. फार वाईट खेळायचा, वहिनी."

सुन-रे हसली, आणि हसता हसता तिनं त्या तेलकट फडक्यानंच डोळे पुसले. मग दिवसभर नाकाशी मांडूचा वास राहिला.

बुधवारी तिनं ओटा फोडायचं ठरवलं. मागच्या बाजूला पत्र्याची गच्ची होती, शरदात मुळ्याचा पाला वाळत घालायची. तिथं आडोसा करून शेगडी आणि कढई न्यायची, आणि मध्ये घट्ट दार. योमनं हातोडा आणला, पण दोक-मानच्या हातच्या विटांवर पहिला घाव त्याला घालवेना. तो उगाच कोपरे मोजत राहिला. तिनं हातोडा त्याच्याकडून घेतला आणि स्वतः घातला.

"दारात काच बसवा, सुभेदार. न उघडणारी. पोरांची तोंडं दिसली पाहिजेत."

"काचेला वाफ धरेल."

"पुसेन."

माळ्यावरची आठ जुनी कार्डंही तिनं उतरवून धुवून घेतली. सगळ्यांत कमकुवत कार्डं मागच्या रांगेत होती, त्यांच्या जागी ती बसली. तारखा असलेला एकही पत्रा तिनं पुन्हा स्पिरिटनं पुसला नाही. फक्त कडेकडेनं.

शनिवारी पहिल्या बसनं गिल-सू आला. नोकरीतून सुटका होण्याआधीची त्याची ही शेवटची सुट्टी. "मावशी, आलो!" म्हणाला, आणि ओट्याच्या जागी मोकळी फरशी बघून जिन्याजवळच थबकला. "तळण बंद?"

"बस आधी."

तो नऊ नंबरवर बसला. काचेमागून सुन-रेनं पाहिलं. तिला गेम कळत नव्हता. ती त्याचे खांदे बघत होती. अडकलं की ते कानापर्यंत जात. अर्धा तास गेला, खांदे जागच्या जागी. पंख्यांचा आवाजही वेगळा होता, वर्षभरात ऐकला नव्हता असा, एकसारखा, खालच्या पट्टीतला. मग तो उठून दोन्ही हात वर करून नाचला, आणि शेजारच्या दहा नंबरनं त्याला ढकलून खाली बसवलं.

ती मांडूची ताटली घेऊन दार उघडून आली, आणि पाठीनं दार घट्ट लावलं. गिल-सूनं एक मांडू तोंडात टाकला.

"मावशी, गार झालाय."

"गच्चीवरून आलाय. चालत."

"मशीन एकदम झकास. पण मांडू गार."

"मग आणू ओटा परत? तू चालव टिलर."

"नको, नको! गार मांडू तब्येतीला चांगला असतो." आणि तोंडातला घास तसाच ठेवून तो खिडकीशी गेला, समोरच्या निळ्या जिन्यापाशी उभ्या दोघांना त्यानं हाक मारली. "अरे ए! इकडे या! मावशीनं दुकान धुतलं!"

सगळी पोरं परत आली असं नाही. मानेच्या उशीची सवय लागलेली काही पलीकडेच राहिली. पण ऑक्टोबरात घरमालक जिना चढून आला तेव्हा बसायला रिकामी खुर्ची शोधावी लागली. तिनं त्याला एकोणिसावर बसवलं, कटलेट खायला घातलं आणि दोन वर्षांचा करार केला. लेकीला फोनवर म्हणाली, "खोली भाड्यानं दे."

आता सोमवारी सकाळी ती न्हाणीघरात जात नाही. योम कधी येतो, ब्रश धरतो, नूडल्स खाऊन जातो. पाळीच्या चार पेट्या झाल्या की ती मार्कर उघडते आणि दोक-मानच्या शेवटच्या तारखेखाली आपली तारीख घालते. तिच्या सातला तसा लांब फराटा नाही.

एक नंबरच्या पत्र्यावर मात्र वर काहीच उरलेलं नव्हतं. ते तिनंच पुसलं होतं. पहिल्या सोमवारी ती मार्कर घेऊन त्याच्यापुढे बसली. मग अंदाजानं त्याच्या तारखांपुरती वीतभर जागा तिनं वर कोरी सोडली, आणि त्याखाली आपली तारीख लिहिली.